बेटावरची इर्जिक आणि अर्धा छापलेला कागद

प्रथम तारखा लिहितो.

साल लिहीत नाही, कारण माझी त्या काळची टिपणवही वाळवीने खाल्ली, आणि जे सिद्ध करता येत नाही ते कागदावर उतरवायचे नाही हा नियम मी तालुका कचेरीसमोर बसून उभा जन्म पाळला आहे. युद्ध चालू होते आणि रॉकेल चिठ्ठीवर मिळत होते, एवढे पुरे. तिथी मात्र पाठ आहेत.

कोजागरीनंतरचा चौथा दिवस: कोकणकिनाऱ्यावर वादळ झाले आणि एका खाडीच्या तोंडाशी असलेल्या बेटावरची घरे उघडी पडली.

माघ शुद्ध दशमी: लोणावळ्याच्या एका लहान चर्चच्या आवारातून पेंढ्याच्या गाड्या त्या बेटासाठी घाट उतरल्या.

चैत्र वद्य पंचमी: त्या चर्चच्या पाळकांच्या पडवीत एक कागद लिहिला गेला.

त्यानंतरच्या वैशाखातला दुसरा गुरुवार: भाज्याच्या मुलीचे वराळ्याच्या मुलाशी लग्न लागले.

गेल्या महिन्याचा दुसरा रविवार: तालुक्याच्या आठवणींचा एक जाडजूड ग्रंथ तळेगावात टाळ्यांच्या गजरात प्रकाशित झाला, आणि त्यात तो कागद छापला गेला.

आता जबाबदार इसम. पहिला, आमच्याबरोबर गेलेला आचारी, ज्याने पाहिले त्यापेक्षा जास्त सांगितले. दुसरे, वराळ्याचे वरपिता, ज्यांना खरे काय ते ठाऊक होते. तिसरे, स्वतः पाळक, ज्यांनी खोट्यावर सही केली. चौथा मी, ज्याने ते खोटे सुवाच्य अक्षरात लिहिले. पाचवे, ग्रंथाचे संपादक. पहिले तिघे आज हयात नाहीत. चौथा हे लिहितो आहे. पाचवे रोज संध्याकाळी तळ्याकाठी फिरायला येतात आणि मी दिसलो की वाट बदलतात.

ग्रंथ म्हणतो की, लोणावळ्याच्या एका पाळकाने वादळग्रस्तांना मदत करण्याच्या मिषाने मावळातली अकरा भोळी माणसे कोकणात नेली आणि कपटाने परक्यांच्या पंगतीला बसवून बाटवली. खाली पुरावा म्हणून त्या पाळकाचा कबुलीजबाब. पाळकांना मूलबाळ नव्हते. त्यांच्या नावासाठी भांडायला माझ्याखेरीज कोणी शिल्लक नाही, आणि माझेही वय भांडण पुढे ढकलण्याचे राहिलेले नाही.

मी तेव्हा वडगावला कचेरीसमोरच्या लिंबाखाली अर्जनवीस म्हणून बसत असे. तळेगावाहून सकाळच्या गाडीने जायचे, चटई अंथरायची, दौत उजवीकडे ठेवायची आणि लोकांची गाऱ्हाणी सरकारला समजेल अशा भाषेत उतरवायची. एके दिवशी काळा कोट घातलेला एक उंच माणूस समोर येऊन, चपला काढून, चटईच्या कडेला बसला. साहेबी टोपी पाहून मी इंग्रजीची तयारी केली, तर बोलणे निघाले अस्सल नगरकडचे.

“अर्ज लिहून हवाय. पेंढा जिल्ह्याबाहेर न्यायचाय, त्याला परवानगी लागती म्हणे.”

“लागते. पण तुम्ही शिकलेले दिसता. स्वतः का नाही लिहीत?”

“मला प्रार्थना लिहिता येते. अर्ज लिहायला बसलो की त्याची प्रार्थनाच होऊन बसती.”

“मामलेदारांना फरक कळत नाही,” मी म्हणालो. “ते दोन्हींना उत्तर देत नाहीत.”

पाळक इतक्या मोठ्याने हसले की शेजारचा मुद्रांकविक्या दचकून आपली पेटी धरून बसला. आमची ओळख झाली ती अशी. त्यानंतर बरेच रविवार मी लोणावळ्याला जाऊ लागलो. घरी सांगत असे, अर्जाचे काम आहे. काम होतेच, पण त्या घरात बसायला मला आवडू लागले होते, हेही खरे.

ते घर आठवले की अजून थंडी वाजल्यासारखे होते. लोणावळ्याच्या हिवाळ्यात धुके खिडकीतून आत येऊन टेबलाशी बसे. खाली घाटात गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनांच्या शिट्ट्या एकमेकींना हाका मारल्यासारख्या चालत. पाळकांची पत्नी, जिला सारे लोणावळे नुसते ‘बाई’ म्हणत असे, गवती चहाचा उकाळा कपात न देता पेल्यात देई, म्हणजे हात शेकतात. बाईच्या ओसरीवर रेल्वेतल्या लोकांच्या बायका बेटासाठी गोधड्या शिवत. कापड मिळत नव्हते. कुणा गार्डाने जुने, विटलेले बावटे आणून दिले होते, हिरवे आणि तांबडे, आणि ते गोधड्यांच्या मधोमध लागले होते.

“बाई, ही पांघरून झोप सुटायची का थांबायची?” एका फायरमनने एकदा दारातून विचारले.

“तुझ्यासारखा घोरणारा असेल तर शेजाऱ्याची थांबेल,” बाई मान वर न करता म्हणाली.

मदतीचे सगळे काम असेच चालले होते. घाटाखालून एका चर्चचे पत्र आले होते की बेटावर कोळ्यांची वस्ती आहे, काही घरे हिंदू, काही ख्रिस्ती, आणि छप्पर कुणाच्याच घरावर नाही. पाळकांनी ठरवले होते की पैसे मागायचे नाहीत. मावळात जे पिकते ते मागायचे: मळणी झाली की पेंढा, डोंगरातली कारवी आणि बांबू. पावसाळ्याआधी बेटावरची घरे शाकारून व्हायला हवीत, एवढाच त्यांचा हट्ट होता.

भाज्याला आम्ही गेलो तेव्हा खळी नुकतीच मोकळी झाली होती. तिथे एक म्हातारे होते, ज्यांना पंचक्रोशी ‘आबा’ म्हणे. मावळातल्या पावसात गळणार नाही असे घर शाकारावे ते आबांनीच, असा लौकिक. पाळकांनी पेंढ्याचा विषय काढला. आबांनी ऐकून घेतले, विडी विझवली आणि मान हलवली.

“पेंढा देऊ. पर असा न्हाई.”

“असा म्हणजे?”

“भीक घातल्यागत गाडीत फेकून न्हाई द्यायचा. आमी येतो. पेंढा आमचा, हात आमचं. इर्जिक करू.”

ज्यांना आता इर्जिक पाहायला मिळत नाही त्यांच्यासाठी लिहितो. ज्याचे काम अडले त्याच्याकडे गावाने आपापली अवजारे घेऊन जायचे, काम उरकून द्यायचे आणि मोबदला घ्यायचा नाही. घरधन्याने त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचे. ते जेवण मजुरी नव्हे. पण ते न जेवता उठणे म्हणजे ‘तुझ्या घरी खाण्याजोगे काही नाही’ असे त्याला तोंडावर सांगणे. एक वेळ काम अपुरे राहिले तर चालते, जेवण टळलेले चालत नाही.

“आबा, ते लांब आहे,” पाळक म्हणाले. “मध्ये समुद्र आहे.”

“मंग? समिंदराच्या पल्याड घरं गळत न्हाईत व्हय?”

तिथेच आबांचे होणारे व्याही बसले होते, वराळ्याचे. आबांच्या थोरल्या मुलीचे त्यांच्या मुलाशी वैशाखात लग्न ठरले होते आणि ते देण्याघेण्याचे बोलायला आले होते. ते म्हणाले, “आबा, लगीन तोंडावर आन् तुमी मासं धरायला निघाला?”

“लगीन वैशाखात हाय. माणसं आज उघड्यावर हायत. आन् तुमास्नी घाई आसंल तर तुमी बी चला, वासं उचलायला.”

सगळे हसले. व्याहीही हसले. मी ते हसताना पाहिले आहे, म्हणून लिहितो.

 परत येताना गावाबाहेर पाळक म्हणाले, “मी ख्रिस्ती माणूस. माझ्याबरोबर गेल्यानं कुणाच्या घराला बोट लागायला नको. त्यातून लग्नघर.” दुसऱ्याच दिवशी त्यांनी तळेगावचा एक आचारी ठरवला, तांब्यापितळेची वेगळी भांडी मिळवली, तांदूळ-डाळीची पोती वेगळी बांधली. आबांसह येणाऱ्या अकरा माणसांची चूल वेगळी, पाणी वेगळे, वाढपी वेगळा. ती यादी मी माझ्या हाताने लिहिली आहे. ग्रंथात ज्याला कपट म्हटले आहे त्याची तयारी ही अशी होती.

दशमीला गाड्या निघाल्या. खोपोलीपर्यंत घाट, मग पेणच्या अंगाने बंदर, मग पडाव, म्हणजे मालाची मोठी होडी. मी मोजदादीला म्हणून बरोबर होतो. ज्या आबांना आढ्यावर उभे राहून तंबाखू मळताना मी पाहिले होते, ते पडावात बसल्यावर पेंढ्याच्या एका भाऱ्याला दोन्ही हातांनी मिठी मारून डोळे मिटून बसले. एक जण म्हणाला, “आबा, भारा बुडत न्हाई म्हून धरला का?” आबा डोळे न उघडता म्हणाले, “भारा न्हाई बुडत. तू बुडशील. तवा भारा मी धरनार, तू माजा पाय धर.”

बेटावर उतरलो तेव्हा वादळाला साडेतीन महिने झाले होते. लोकांनी भिंतींवर फाटकी शिडे ताणली होती, झावळ्या टाकल्या होत्या. गलबतेही फुटलेली, किनाऱ्यावर कुशीवर पडलेली. चर्चच्या नावाने आलेली मदत त्यांनी आधीही घेतली होती, बिस्किटे, जुने कोट, औषधे. आम्हाला पाहून ते उठले आणि सवयीने ओळीत उभे राहिले. आबांनी ती ओळ पाहिली आणि विचारले, “ही मानसं हुबी का? घर कंचं पयलं, ते दावा म्हनावं.”

पहिले घर एका म्हाताऱ्या कोळणीचे होते. आमच्या माणसांनी मावळात करतात तसेच काम केले. उतार उभा, पेंढा जाड, वळचणीपासून आढ्यापर्यंत थरावर थर, की आषाढाच्या झडीतही पाणी घसरून जावे. दुपारपर्यंत एक बाजू झाली. म्हातारी कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत होती.

“आबा,” ती म्हणाली, “ह्या घर शाकारताव का गलबताला शीड चढवताव?”

“का वो मावशी? मोप जाड घातलाय. पावसाचा थेंब यायचा न्हाई.”

“पावसाचा नाय येनार. वारा येल तो घराला घेऊन जाल.”

आबांना राग आला. मावळात त्यांना असे कोणी बोलले नव्हते. पण ऊन कलले, खाडीवरून वारा सुटला आणि ते उभे छप्पर खरेच फुगून थरथरू लागले. आबा खाली उभे राहून पाहत राहिले. मग पागोटे काढून त्यांनी तोंड पुसले आणि आपल्या माणसांना म्हणाले, “उतरवा. आपुन पाण्याचं घर बांधलं. ही वाऱ्याची मानसं हायत.” दुसऱ्या दिवसापासून उतार बसका झाला, पेंढा पातळ झाला, आणि वर, म्हातारीच्या सांगण्यावरून, वादळात फाटलेली मासेमारीची जाळी पांघरून कडांना दगड बांधले गेले. मावळचा पेंढा आणि कोळ्यांची जाळी असे ते छप्पर मी दुसरीकडे कुठेही पाहिलेले नाही.

पण मला सांगायचे आहे ते पहिल्या दुपारचे, वारा सुटण्याआधीचे. आचाऱ्याने दूर माडाखाली वेगळी चूल मांडली होती. वरण-भात तयार झाला. त्याने हाक दिली. कोणी हलले नाही. आबा शिडीवरून उतरले, म्हातारीच्या दारासमोर, म्हणजे जिथे दार असायला हवे होते तिथे, जाऊन बसले.

“मावशी, दुपारचं काय केलंय?”

ती गोंधळली. तिने माडाखालच्या भांड्यांकडे पाहिले, पाळकांकडे पाहिले. “तुमचा जेवान थय शिजतंय ना?”

“त्ये आमचं न्हाई. काम तुमच्या घरावर, जेवान तुमच्या घरचं. न्हाईतर ही इर्जिक न्हाई, रोजंदारी झाली.”

पाळक धावत आले. “आबा, ऐका. वैशाखात लग्न आहे. उद्या कुणी बोलायला नको, म्हणून मी मुद्दाम वेगळं...”

“पाद्रीबाबा, तुमी चांगलंच केलं. पर तुमास्नी इर्जिक ठावं न्हाई. मानसाच्या घरावर पाय देऊन हुबं ऱ्हायचं आन् त्याच्या हातचं खायाचं न्हाई? त्यापरीस त्याच्या चुलीत थुकलेलं बरं.”

“आबा, मी हात जोडतो.”

“जोडा. तवर मी हात धुतो.”

 म्हातारी आत गेली आणि शेजारच्या घरातल्या बायकांना हाका मारू लागली. त्या हाकांचा आवाज मला अजून ऐकू येतो. सकाळी याच बायका खाली मान घालून ओळीत उभ्या होत्या; आता कुणाकडे चूल पेटलेली आहे, कुणाकडे चिंच आहे, कुणी तांदूळ राखला आहे, यावरून त्या एकमेकींवर ओरडत होत्या. तासाभराने पत्रावळींऐवजी केळीच्या फाटक्या पानांवर भात आणि सुक्या बोंबलाचे कालवण आले. हिंदूंच्या घरचे काय आणि ख्रिस्त्यांच्या घरचे काय, कुणी विचारले नाही. सांगताही आले नसते. अकरा माणसे जेवली. आबांनी दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा म्हातारी म्हणाली, “घाटावर कालवन कसा लागतं माहीत नाय वाटतं, पाण्यासारका पितंय!” आणि अंगण हसले.

पाळक माझ्याशेजारी उभे होते. म्हणाले, “साडेतीन महिने ही माणसं नुसती घेत होती. आज त्यांनी वाढलं.” मग कोट काढून तेही पंगतीच्या शेवटी जाऊन बसले.

माडाखाली वेगळ्या चुलीवरचे जेवण दोघेच जेवले: आचारी आणि मी. मला वाटले, मी साक्षीदार आहे, साक्षीदाराने तटस्थ असावे. वरण चांगले झाले होते. उठून त्या पंगतीला जाण्याचे धैर्य मात्र मला झाले नाही. हे कुणी विचारले नव्हते, तरी नोंदवतो.

आठ दिवसांत घरे शाकारून झाली. परतताना म्हातारीने आबांच्या मुलीच्या लग्नासाठी म्हणून सुक्या जवळ्याची टोपली दिली. आबा पडावात या वेळी डोळे उघडे ठेवून बसले.

आचारी तळेगावी पोचला आणि दोनच बाजारांत गोष्ट वराळ्याला गेली. वाटेत ती वाढली. वराळ्यात पोचली तेव्हा पाळकांनी भातावर काही शिंपडले होते आणि आबांना गुडघे टेकायला लावले होते. आबांनी व्याह्यांना स्वतः जाऊन खरे काय ते सांगितले. व्याह्यांना ते पटलेही. पण त्यांची भावकी मोठी. भावकीने बजावले की मुलीचा बाप बाटला आहे. लग्न करणार असाल तर आमचा पाट तुमच्या मांडवातल्या पंगतीला लागणार नाही. तडजोड एकच होती: आबांना फसवून जेवू घातले असे लेखी मिळावे, म्हणजे दोष फसवणाऱ्याचा, आणि आबांना साध्या प्रायश्चित्तावर सोडता येईल.

व्याही माझ्याकडेच आले. मी अर्जनवीस होतो.

चैत्र वद्य पंचमीला दुपारी आम्ही पाळकांच्या पडवीत जमलो: पाळक, बाई, आबा, व्याही आणि मी. मी मसुदा करूनच नेला होता, आबांच्या नावाने. वाचून दाखवला. आबा म्हणाले, “ह्ये कुनाचं?”

“तुमचं.”

“मी आसं बोललो न्हाई. मला कुनी फसवलं न्हाई. मी मागून जेवलो.”

“आबा,” व्याही कळवळून म्हणाले, “मला ठावं न्हाई व्हय? पर पोरीच्या तोंडाकडं बगा.”

“पोरीच्याच तोंडाकडं बगतोय. तिला म्हनू का, तुजा बाप येडा, त्याला भात कुनाचा त्ये बी कळंना?”

 घाटातले इंजिन शिट्टी देऊन गेले. मग पाळक म्हणाले, “माझ्या नावानं लिहा. मी फसवलं असं मीच लिहून देतो. आबांना खोटं बोलावं लागणार नाही.”

बाई एकदम उठली. “आणि उद्या मिशननं विचारलं तर?”

“सही माझीच आहे म्हणून सांगेन.”

“तुमच्या त्या अर्जात,” बाई माझ्याकडे वळून म्हणाली, “बायकोला विचारायचं कलम नसतं का हो?”

  मी नवा कागद घेतला आणि पाळकांच्या नावाने तोच मजकूर उतरवला. त्यांनी सही केली.

पण आबा उठेनात. म्हणाले, हा कागद असा गेला तर मी मुलीचे लग्न मोडतो. तेव्हा तोड मी काढली, आणि त्या दिवशी मला तिचा अभिमान वाटला होता, हे कबूल करतो. कागदाच्या मागच्या बाजूला मी आबांचा जबाब त्यांच्याच शब्दांत लिहिला: इर्जिकीला गेलतो, घरधनीण म्हातारीकडं मागून पोटभर जेवलो, पाद्रीबाबांनी येगळी चूल मांडली हुती, हात जोडून नको म्हनत हुते, त्यांचा दोष न्हाई. खाली आबांचा अंगठा. त्याखाली ‘वाचून पाहिले, खरे आहे’ असे लिहून व्याह्यांची मोडी लिपीत सही. ठरले असे की भावकीत फक्त पुढची बाजू वाचायची. वाचणाऱ्याने कागद उलटलाच पाहिजे असा कायदा नाही, असे मी व्याह्यांना सांगितले. कागद ते घेऊन गेले. नक्कल माझ्या वहीत राहिली.

वैशाखात लग्न झाले. मांडवात बेटाच्या टोपलीतला जवळाही शिजला, कुठून आला हे न सांगता. बाईने तांबड्या-हिरव्या बावट्यांची एक गोधडी माझ्या हाती पाठवली. पाळकांना मात्र लग्नाला येता आले नाही. कागदाप्रमाणे ते कपटी होते.

पुढे बाईने म्हटले तेच झाले. गोष्ट मिशनच्या वरिष्ठांच्या कानी गेली, त्यांनी पाळकांना विचारले, आणि पाळकांनी सही माझी आहे एवढेच उत्तर दिले. त्याच ज्येष्ठात त्यांची बदली दूर, कोरड्या मुलखात झाली. स्टेशनवर रेल्वेतली माणसे जमली होती. फायरमन डोळे पुसत होता आणि धुराला शिव्या देत होता. पाळकांनी खिडकीतून मला एकच गोष्ट विचारली, “बेटावर पाऊस सुरू झाला असेल. छपरं राहिली का, कळवाल?”

मी खाडीपलीकडच्या चर्चला पत्र लिहिले. उत्तर आले की एकही घर गळले नाही आणि एकही उडाले नाही. ते पत्र मी त्यांना पाठवले. त्यानंतर दरवर्षी नाताळाला त्यांचे पत्र येई, मावळात भात कसा आहे विचारणारे. कागदाचा उल्लेख एकाही पत्रात नव्हता. एका वर्षी पत्र बाईच्या अक्षरात आले. त्यानंतर आले नाही.

आता गेल्या महिन्याबद्दल. ग्रंथ वाचून मी संपादकांना चार पत्रे लिहिली. चौथ्याला उत्तर आले, एका ओळीचे: मजकूर मूळ कागदाशी ताडून छापला आहे. म्हणजे मूळ कागद त्यांच्या हाती होता. तो कागद वराळ्याच्या त्या घराखेरीज कुठेही नव्हता, आणि ज्याने तो हातात धरला त्याला मागची बाजू दिसली नाही हे मी मानत नाही. माझ्या वहीतली नक्कल वाळवीने नेली. म्हणून माझ्याजवळ पुरावा नाही, हेही ते जाणून असावेत.

मी वराळ्याला गेलो. आबांची मुलगी त्या घरात आता आजी आहे. नातवंडांना बाहेर पाठवून ती म्हणाली, “भाऊ, कागूद बायकांच्या हाती कुटं आसतो? पर पेटी झाडताना मी बगितलाय. मागल्या अंगाला माज्या बाचा आंगठा हाय.”

“हे मी लिहिले तर घरात तुम्हाला त्रास होईल.”

“व्हईल की.” तिने पदर सावरला. “ल्ह्या.”

लिहिले आहे. माझा दोष मी वर कबूल केला आहे आणि त्यासाठी कोणतीही सूट मागत नाही. संपादकांकडे मात्र माझी मागणी अशी आहे. त्या कागदाची मागची बाजू, अंगठा आणि मोडीतली सही यांसह, त्यांनी छापावी. ती नाहीच असे त्यांचे म्हणणे असेल तर तसे स्वतःच्या सहीने जाहीर करावे. मला खाजगी पत्र पाठवू नये. मी ते उघडणार नाही. ज्या सभागृहात त्यांनी पुढची बाजू मोठ्याने वाचली आणि लोकांनी टाळ्या दिल्या, त्याच सभागृहात, त्याच लोकांसमोर, मूळ कागद हातात धरून त्यांनी उत्तर द्यावे: एका निर्दोष माणसाला कपटी ठरवणारी बाजू त्यांनी छापली आणि त्याला निर्दोष ठरवणारी गाळली, ती कोणाच्या सांगण्यावरून?